मोडीत घालण्याआधी एकदा मांडून तर पाहा!

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी माळा झाडायचं काम निघतं. पत्र्याच्या पेट्या खाली येतात, जुन्या लुगड्यात बांधलेली गाठोडी सुटतात आणि दोन दिवस घरात पाय ठेवायला जागा राहत नाही. मग संध्याकाळी कुणीतरी म्हणतंच, "अगं, हे एवढं थोरलं घंगाळ कशाला ठेवलं आहेस? आता यात आंघोळ कोण करतंय? मोडीत घाल आणि मोकळी हो!"

भगिनींनो, ही वेळ प्रत्येकीवर कधी ना कधी येते. पण भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरसारख्या वसाहतीत राहणाऱ्या बायकांवर ती जरा जास्तच कठोरपणे येते. आयुध निर्माणीमुळे ही वसाहत वसली. १९६० च्या दशकात कारखाना उभा राहिला आणि ठिकठिकाणची माणसं इथे कामाला आली. संसार थाटले गेले ते क्वार्टरमध्ये. क्वार्टरची गंमत अशी, की ते आपलं असतं आणि आपलं नसतंही. अंगणात आपण लावलेल्या कढीपत्त्याची फांदी खिडकीपर्यंत पोचते, भिंतीवर मुलांची उंची मोजल्याच्या खुणा असतात, आणि एक दिवस किल्ली परत करायची असते. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, भंडाऱ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. पण बदलीचा आणि निवृत्तीचा दिवस काही कुणाला चुकला नाही.

त्या दिवशी काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचं घर म्हणजे बहुधा नागपुरातला एखादा लहानसा फ्लॅट. सामानाच्या गाडीत फ्रिज जातो, टीव्ही जातो, लोखंडी कपाट जातं. मागे राहतात ते पितळेचे गुंड, सासूबाईंचा चौरंग, लोणच्याच्या बरण्या, देव्हाऱ्याखालचा सागवानी पाट आणि भजनी मंडळाची जुनी पेटी. बहुतेक सामान बाईच्या हाताखालचं! भंगारवाला येतो, काटा लावतो, आणि चाळीस वर्षांच्या संसाराचा भाव अर्ध्या तासात ठरतो.

सगळंच ठेवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. दोन खोल्यांत घंगाळ कुठे ठेवायचं, हा प्रश्न खरा आहे. माझं सांगणं एवढंच, की काटा लागण्याआधी ते सामान एकदा नीट मांडून पाहा. आणि एकटीने नव्हे, चारचौघींनी मिळून. चक्क प्रदर्शन भरवा!

प्रदर्शन? आणि आमच्या जुन्या भांड्यांचं?

तुम्ही हसाल. पण मुंबई-दिल्लीला हल्ली जी मोठमोठी डिझाइनची प्रदर्शनं भरतात, त्यांत काय असतं पाहा. एकाच दालनात खुर्च्या-पलंग, भिंतीवर चित्रं, कोनाड्यात मातीची भांडी, आणि संध्याकाळी त्याच जागी सतार नाहीतर गाणं. हे सारं मिळून आपला वारसा, असं तिथे सांगितलं जातं. तिकीट काढून आलेली माणसं एखाद्या साध्या मडक्यापुढे हात मागे बांधून उभी राहतात. त्यातलं अर्धंअधिक सामान तुमच्या माळ्यावर आहे!

ही कल्पना आजची नाही. १९७८ मध्ये दिल्लीत राजीव सेठी यांनी 'अदिती' नावाचं एक प्रदर्शन भरवलं होतं. विषय अगदी बायकांचा: लग्न, बाळाची चाहूल, जन्म आणि मुलाचं मोठं होणं. त्यात पाळणे, खेळणी, कपडे, भांडी असं घरोघरचं सामान होतं आणि त्याच्यासोबत कारागीर आणि लोककलावंत स्वतः हजर होते. वस्तू पाहायची आणि तिच्यामागचं गाणं, तिच्यामागचा खेळही तिथेच अनुभवायचा. हे प्रदर्शन पुढे १९८२ मध्ये भारत महोत्सवात लंडनला गेलं आणि १९८५ मध्ये वॉशिंग्टनला. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीतलं सामान परदेशातल्या लोकांनी कौतुकाने पाहिलं.

आणि पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा लहानगा मुलगा राजा गेला, आणि त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. गावोगाव हिंडून त्यांनी जमवलं काय? अडकित्ते, दिवे, समया, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या, फण्या, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारं आणि वाद्यं! असा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संसार त्यांनी जमवला. लोक मोडीत घालत होते, तेव्हा या जोडप्याने तेच उचलून आणलं. आज आपण रांगेत उभ्या राहून ते पाहतो आणि मुलांना म्हणतो, "अशीच किसणी आमच्या आजीकडे होती हं!"

मग ती आजीची किसणी गेली कुठे? हा प्रश्न मुलं विचारत नाहीत म्हणून बरं!

एका लोट्याची गोष्ट

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती भंडाऱ्याच्या बायकांना तर ठाऊक असायलाच हवी, कारण भंडारा म्हणजे पितळेचं शहर.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं नवरा-बायकोचं जोडपं. त्यांनी घडवलेल्या खुर्च्या जगभर गाजल्या. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना बोलावलं. कारखानदारी वाढते आहे, वस्तू झपाट्याने बदलताहेत, तेव्हा आपल्याकडे डिझाइनचं शिक्षण कसं असावं, हे त्यांनी सांगावं, अशी अपेक्षा होती. दोघं देशभर हिंडली आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यावरूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली.

त्या अहवालात या खुर्च्या करणाऱ्या जोडप्याने सर्वांत जास्त वाखाणलं ते कशाला ठाऊक आहे? आपल्या साध्या लोट्याला! असा लोटा आज नव्याने करायचा ठरवला तर काय काय विचार करावा लागेल, याची त्यांनी यादीच दिली. पाणी किती मावावं? बाईच्या हाताला, कमरेला, डोक्यावर तो कसा बसावा? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहील? धार कशी पडेल? आतून घासता येईल का? गरम काही ओतलं तर हाताला चटका बसेल का? डोळे मिटून हात फिरवला तर कसा लागेल? दुसऱ्या भांड्यावर आपटला, दगडावर ठेवला, तर नाद कसा येईल? आणि गंमत म्हणजे, शेवटी मोडीत घातला तर त्याचे किती येतील, हेसुद्धा त्यांनी यादीत घातलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की लोटा कुणा एका माणसाने घडवलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी हातांनी तो थोडाथोडा सुधारत नेला.

पाहा बरं, किती प्रश्न झाले! भंगारवाला यातला एकच प्रश्न विचारतो, शेवटचा. आणि आपणही घाईगर्दीत तेवढाच विचारतो. बाकीचे प्रश्न विचारायला लागलं की आपल्या स्वयंपाकघरातलं भांडं वेगळं दिसू लागतं. आपल्या विदर्भातला गुंड घ्या. गळा आवळलेला, म्हणून डोक्यावरून आणताना पाणी हिंदकळत नाही. काठ बाहेर वळलेला, म्हणून उचलायला बोटं अडकतात. बूड गोल, म्हणून चुंबळीवर नीट बसतो. हे सगळं आपल्या पणजीला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तिच्या मानेला ते समजलं होतं!

आपल्या चहूकडे काय काय आहे

शहरातली प्रदर्शनं देशभरातून सामान गोळा करतात. जवाहरनगरच्या बाईला तेवढं फिरायची गरज नाही.

पितळ तर घराजवळच आहे. भंडाऱ्याच्या कासारांनी घडवलेली भांडी विदर्भात कितीतरी रुखवतांत मांडली गेली असतील. पुढे स्टील आलं, मग प्लॅस्टिक आलं. घासायला सोपं, वजनाला हलकं. त्यात बायकांचं काही चुकलं नाही. चिंच लावून गंज घासताना खांदा कुणाचा दुखत होता? बायकांचाच ना! पण मागणी आटली की हातोडीचं कामही आटतं, आणि मुलगा बापाच्या दुकानात बसत नाही. हेही लक्षात ठेवायला हवं.

लाकूड म्हणाल, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं सागवान सगळीकडे नावाजलेलं. २०२३ मध्ये दिल्लीत नवं संसद भवन उघडलं, त्यात लाकूडकामाला सागवान नागपूरहून गेलं. आणि आपण मात्र सासऱ्यांनी करून घेतलेली सागवानी बंगई विकून भुश्याच्या फळीचा दिवाण घेतो, जो दोन पावसाळ्यांत फुगतो!

मातीचं पाहा. आपल्याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं. दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले, आणि त्यांच्याबरोबर त्या काळच्या माणसांची मातीची भांडीही. म्हणजे राजे गेले, वाडे गेले, मडक्याचं खापर तेवढं टिकलं. आणि जरा लांब, चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्याने १९५० च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला. कुंभाराच्या हातातल्या कलेला नव्या भट्टीची आणि झिलईची जोड द्यावी, हा त्यामागचा विचार. आपल्या घरातल्या लोणच्याच्या बरण्या बहुधा खुर्जाच्या नाहीतर गुजरातेतल्या थानगढच्या असतात. पण चिनी मातीचं काम आपल्या विदर्भातही रुजलं, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत असतं?

कापडाचं तर विचारूच नका. भंडारा जिल्ह्यातला कोसा! ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या पाळायच्या, त्यांना पाखरांपासून जपायचं, कोष गोळा करायचे, हे काम इथला ढीवर समाज करत आला. आंधळगाव, मोहाडीकडच्या मागांवर त्याचं कापड झालं. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली करवतकाठी साडी ही विदर्भाची खूण, आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तुमच्या पेटीतलं जुनं कोशाचं लुगडं विरलं असेल, पण त्याचा काठ अजून शाबूत असेल. तो कापून ठेवा. फेकू नका.

आणि गाणं? झाडीपट्टीत राहून गाण्याची वाण कशी पडेल! दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत रंगते. वडशाच्या नाटक मंडळ्या रात्र रात्र जागवतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीला आनंद झाला. पण हे झालं मांडवातलं गाणं. घरातलं गाणं वेगळं. जात्यावरची ओवी, पाळण्याची गाणी, भुलाबाईची गाणी. जातं गेलं, गिरणी आली, आणि दळणाऱ्या हातांबरोबर ओवीही थांबली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी ही गोष्ट वेळेवर ओळखली. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक! प्रत्येक ओवी कुणी म्हटली, कुठल्या गावची, हेही लिहून ठेवलं. त्यामुळे कधी कुठे छापून न आलेल्या बायकांची नावं आज वाचायला मिळतात. जातं ही नुसती दगडाची वस्तू राहिली असती. ओवीमुळे ते बोलकं झालं.

भांड्यावरचं नाव

आता जरा उठा आणि घरातलं एक जुनं पितळी भांडं घेऊन या. उलटं करा, नाहीतर काठाखाली पाहा. टोचून काढलेली अक्षरं दिसतील. कुणाचं तरी नाव, कुणाकडून आलं ते, गाव आणि लग्नाची तारीख.

मैत्रिणींनो, आपल्या आजी-पणजीचं नाव आणखी कुठे लिहिलेलं आहे, सांगा पाहू. सातबाऱ्यावर? क्वचितच. घराच्या दारावर? नाही. शाळेच्या दाखल्यावर? बहुतेकींनी शाळाच पाहिली नाही. लग्नात कितीतरी जणींचं नावसुद्धा बदललं. माहेरचं नाव उरलं ते कधीकधी मामाने दिलेल्या तांब्यावर, आत्याने दिलेल्या परातीवर. घरच्या कागदपत्रांत जे सापडत नाही, ते भांड्याच्या काठावर सापडतं. आणि आपण ते किलोने घालतो! भट्टीत गेलं की पितळ पितळच राहतं, अक्षरं मात्र राहत नाहीत.

म्हणून एवढं तरी करा. भांडं ठेवणं जमत नसेल, तर त्यावरचं नाव आधी वहीत उतरवून घ्या. मोबाइल हातात आहेच, अक्षरांचा जवळून फोटो काढा. अक्षरं पुसट असतील तर त्यांवर थोडी रांगोळीची पूड चोळा आणि वरची पुसून घ्या, खाचेतली पांढरी अक्षरं उठून दिसतात.

चला, प्रदर्शन मांडू या

यासाठी पैसा लागत नाही. महिला मंडळाची खोली नाहीतर कॉलनीतलं एखादं सभागृह, दहा टेबलं, स्वच्छ चादरी आणि दहा-बारा उत्साही जणी पुरेत. वसाहतीत प्रांतोप्रांतीच्या शेजारणी असतील तर दुधात साखरच. बंगाली वहिनींकडचा शंख, तेलुगू काकूंकडची पितळी समई, पंजाबी भाभींची फुलकारी आणि आपल्या मराठमोळ्या घरातलं पुरणयंत्र एका खोलीत आलं, तर कुठल्या शहरी प्रदर्शनापेक्षा ते कमी असेल?

मांडणी करताना मात्र एक युक्ती करा. 'बंगालचं', 'आंध्राचं', 'महाराष्ट्राचं' अशी टेबलं लावू नका. कामाप्रमाणे लावा. एक टेबल पाण्याचं: गुंड, लोटा, तांब्या, माठ, झारी. एक दळण-कांडणाचं: खलबत्ता, पाटा-वरवंटा, पाटणी. एक साठवणीचं: बरण्या, कणगी, डबे. एक बसण्या-झोपण्याचं: पाट, चौरंग, पाळणा, सुताची बाज. एक सणावाराचं. असं केलं की एकीच्या भांड्याशेजारी दुसरीचं भांडं येतं, आणि "अगं, हे आमच्याकडेही आहे, फक्त गळा आखूड!" अशा गप्पा सुरू होतात. त्या गप्पांसाठीच तर हे सगळं!

प्रत्येक वस्तूसमोर पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी ठेवा. वस्तूचं घरातलं नाव, कुणाची, कुठून आली, कशाला वापरत, एवढंच लिहा. 'पुरातन', 'दुर्मिळ' असे मोठे शब्द नकोत. 'माझ्या आईने बाळंतपणात याच भांड्यात शेगडी पेटवली' हे वाक्य वाचायला माणूस थांबतो.

एक कोपरा नादाचा ठेवा. काशाचं ताट, पितळी घंटा, टाळ, दंडारीतले टिपऱ्यांसारखे दांडू, घरची पेटी. लहान मुलांना वाजवून पाहू द्या. काशाच्या ताटाचा नाद स्टीलच्या ताटाला का नाही, हे विचारू द्या. काशात तांब्याबरोबर कथील असतं आणि पितळेत जस्त, म्हणूनच देवळातली घंटा काशाची करतात, हे त्यांना तिथेच सांगता येतं. शाळेत आठवडाभरात जे डोक्यात शिरत नाही, ते एका टोल्यात शिरतं!

आणि गाणाऱ्या बायकांना विसरू नका. ज्या वस्तूशी जे गाणं जोडलेलं, ते तिथेच म्हणा. पाळण्याजवळ पाळणा, सुपाजवळ पाखडतानाचं गाणं. सुनेने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावं आणि आधी नाव, गाव, तारीख मोठ्याने बोलून घ्यावी, म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

दिवस कुठला निवडावा? संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस सोयीचे. सगळ्या जणी एकमेकींकडे जातातच. पण एक गोष्ट मन मोकळं करून सांगते. याला 'हळदीकुंकू' म्हणू नका, 'प्रदर्शन'च म्हणा. कारण हळदीकुंकवाला आपण ज्यांना बोलावत नाही, त्या आपल्या विधवा काकू, आजी, शेजारीण, यांच्याकडेच तर जुनी भांडी असतात आणि सर्वांत जास्त गाणीही त्यांनाच येतात. त्यांना पहिल्या रांगेत बसवा. फीत कापायची असेल तर त्यांच्याच हाताने कापा.

काय ठेवावं, काय द्यावं

प्रदर्शन झालं, कौतुक झालं. पण क्वार्टर तर सोडायचंच आहे. मग निवड कशी करायची?

ज्यावर नाव आहे, ते शक्यतो ठेवा. जे रोज वापरता येईल, ते नक्की ठेवा. पितळेच्या डब्यात डाळ-तांदूळ राहतात, लहान गुंडात मनीप्लँट शोभतो, चौरंगावर फोन आणि चष्मा ठेवता येतो, घंगाळ बाल्कनीत तुळशीला उपयोगी पडतं. वापरातली वस्तू अडगळ होत नाही. जोडीच्या वस्तूंतली एक मुलीला, एक सुनेला द्या, आणि देताना तिची गोष्टही सांगा. एखादी वस्तू खरोखर जुनी आणि वेगळी वाटत असेल, तर नागपूर दूर नाही. तिथला 'अजब बंगला', म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे. मुलांना घेऊन एकदा जा. आपल्याकडे काय आहे याचा अंदाज येतो. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही नागपुरातच आहे. तिथल्या हस्तकला मेळ्यात कारागीर स्वतः भेटतात. त्यांना आपलं भांडं दाखवलं की ते हातात घेऊन बरंच काही सांगतात.

बाकीचं खुशाल मोडीत घाला. मनाला लावून घेऊ नका. सगळा भूतकाळ काही दोन खोल्यांत मावत नाही. पण निर्णय घरातल्या बाईने घ्यावा. गाडी भरणाऱ्या हमालाने नाही, आणि "लवकर आटपा" म्हणणाऱ्या घरच्या मंडळींनीही नाही!

जपणुकीच्या चार गोष्टी

पितळ, तांबं: चिंच किंवा लिंबू-मिठाने हलकेच घासा, लगेच धुऊन कोरडं करा. नाव घातलेली जागा जोराने घासू नका, अक्षरं झिजतात. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नका. ते कळकतात आणि पोटाला अपाय करतात.

चिनी मातीच्या बरण्या: बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहा. नाद स्वच्छ असेल तर बरणी चांगली, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. आतली झिलई उडालेली असेल तर तिच्यात लोणचं घालू नका. फुलांसाठी वापरा.

लाकूड: पाय ओल्या फरशीला टेकू देऊ नका, वाळवी तिथूनच चढते. वर्षातून एकदा जवसाचं तेल अगदी थोडं चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच टाका.

कोसा: धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच कापड फाटतं. डांबरगोळी कापडाला थेट लागू देऊ नका.

तर मग, लागा तयारीला. या आठवड्यात फक्त एक पेटी उघडा आणि एका भांड्यावरचं नाव वाचा. दोन शेजारणींना ते दाखवा. संक्रांतीपर्यंत प्रदर्शनाइतकं सामान सहज जमेल. आणि हो, त्या दिवशी वजनाचा काटा मात्र दाराबाहेरच राहू द्या!